घरखर्चाची राष्ट्रीय मोजणी आणि आपली घरे

विद्यार्थ्यांना साहाय्य मिळावे म्हणून आपल्या न्यासाकडे जे अर्ज येतात, त्यांत 'कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न' असा एक रकाना असतो. नोकरदार माणसाला तो भरणे सोपे जाते. पगाराच्या आकड्याला बाराने गुणले की काम झाले. परंतु ज्याचे भाताचे दोन तुकडे आहेत, परसात सुरण आणि कोनफळ आहे, गोठ्यात एक दुभती म्हैस आहे आणि जो वर्षातले चार महिने दुसऱ्याच्या बागेत सुपारी उतरवायला जातो, त्याने त्या रकान्यात काय लिहावे? कोणी अंदाजाने एक गोल आकडा लिहितो, कोणी शेजाऱ्याने लिहिला तोच लिहितो, तर कोणी 'काही नाही' असे लिहून मोकळा होतो. पण 'काही नाही' लिहिणाऱ्याच्या घरीही दोन्ही वेळा चूल पेटते, मुले शाळेत जातात, गणपतीला घर सारवून निघते. म्हणजे त्या घरात मिळकत आहे. ती रुपयांच्या रूपाने आलेली नाही, इतकेच.

जी अडचण आपल्या विश्वस्त मंडळाला पडते, तीच मोठ्या प्रमाणावर देशाच्या सरकारलाही पडते. कोट्यवधी घरांत किती खर्च होतो, किती मिळते आणि कोणाच्या हाताला किती काम आहे, हे सरकारला कळते तरी कसे? वर्तमानपत्रांत 'दरडोई खर्च इतका वाढला', 'बेकारीचे प्रमाण इतके झाले' असे आकडे येतात, ते आपण वाचतो आणि विसरतो. ते आकडे कोठून येतात आणि जोयडा तालुक्यातल्या एखाद्या वाडीतील घर त्यांत बसते की नाही, याचा थोडा अभ्यास या लेखात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या मोजणीचा पूर्वेतिहास

भारतीय माणसाचे सरासरी उत्पन्न मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न दादाभाई नौरोजींचा. १८६७-६८ या सालाचे शेती व इतर उत्पादनाचे सरकारी आकडे घेऊन त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले आणि १८७६ साली ते मुंबईत मांडले. ही मोजणी वरून खाली आलेली होती. एकूण उत्पादन घ्यावे आणि त्याला माणसांच्या संख्येने भागावे, अशी तिची रीत. त्यातून देशाचे दारिद्र्य दिसले. परंतु एका घरातून दुसऱ्या घरात काय फरक आहे, ते त्यातून दिसण्यासारखे नव्हते.

खालून वर जाणारी, म्हणजे प्रत्यक्ष घरोघर जाऊन विचारण्याची रीत महाराष्ट्रात पुण्याजवळ रुजली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्रमुख डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची कुटुंबवार पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. जमीन, कर्ज, मिळकत आणि खर्च यांचा मेळ त्यांनी घराघरांत जाऊन घातला. पुढे जातेगाव बुद्रुकची पाहणी त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने केली. ती १९२१ साली निघाली. त्याच काळात मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने गिरणी कामगारांच्या घरखर्चाचा तपास हाती घेतला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस हे तिचे अध्यक्ष, तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सभासद. शेतीचे व कारखान्यांचे काही आकडे या समितीला मिळाले. लोक घरात काय खातात, काय विकत घेतात, छोटे कारागीर किती मिळवतात, याविषयी मात्र कागदावर जवळजवळ काहीच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या पहिल्या फेरीत १,८३३ गावे निवडली होती, आणि त्यांपैकी काही गावांचे काम गोखले संस्थेकडे सोपविले होते. त्या वेळी आपला कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता आणि आजचा जोयडा तालुका सुपा या नावाने ओळखला जाई. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सुपा गाव पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. पाहणी मात्र फेरीमागून फेरी चालूच राहिली आणि आजही चालू आहे.

शितावरून भाताची परीक्षा

देशात कोट्यवधी कुटुंबे आहेत. प्रत्येकाच्या घरी जाऊन तीनचारशे प्रश्न विचारणे अशक्य आहे. दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत घरोघर जातात, पण तेथे प्रश्न थोडे आणि सोपे असतात. म्हणून पाहणीसाठी नमुना घेतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, तोच हा न्याय. परंतु ही म्हण खरी ठरायला एक अट आहे, ती घरातल्या बाईला न सांगताही ठाऊक असते. भात चांगला ढवळलेला असला पाहिजे. बुडाशी लागलेल्या भाताचे शीत उचलले तर सगळा भात करपला असे वाटेल. वरचे उचलले तर सगळा कच्चा वाटेल.

हे ढवळण्याचे काम पाहणीत दोन प्रकारे होते. पहिले म्हणजे, गावे आणि शहरे यांचे वेगवेगळे गट पाडतात, जेणेकरून श्रीमंत शहराचे वजन गरीब डोंगरी खेड्यावर पडू नये. दुसरे म्हणजे, प्रत्येक गटातील गावे आणि गावांतील घरे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडतात. अमुक गाव रस्त्यालगत आहे म्हणून सोयीचे, तमुक घराचा मालक बोलका आहे म्हणून बरे, अशी निवड चालत नाही. सोयीने निवडलेला नमुना कसा फसवतो, याचा एक धडा सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांतून दिला. शेतातला अगदी लहान तुकडा कापून त्यावरून उतारा काढला, तर कडेची रोपे आत ओढली जातात आणि उतारा खऱ्यापेक्षा जास्त भरतो, असे त्यांनी दाखविले. कापणारा लबाड असतो असे मुळीच नाही; हात आपोआप तिकडे वळतो. माणसांच्या पाहणीतही हेच भय असते.

२०२२-२३ सालच्या घरखर्चाच्या पाहणीत देशभरातून २,६१,७४६ कुटुंबे घेतली होती. त्यांपैकी १,५५,०१४ खेड्यांतील आणि १,०६,७३२ शहरांतील. एवढ्या मोठ्या देशाला हा आकडा पुरतो का, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. पुरतो; कारण ढवळलेल्या भाताचे पातेले लहान असो वा मोठे, परीक्षेला मूठभर शिते लागतात, पातेल्याच्या प्रमाणात ती वाढवावी लागत नाहीत. मात्र याचीच दुसरी बाजू ध्यानात ठेवावी. त्या मुठीतून देशाचा आणि राज्याचा अंदाज निघतो. एकट्या जोयडा तालुक्याचा निघत नाही. आपल्या तालुक्यातील एखादे दुसरे गाव त्यात आले असेल वा नसेलही. तेव्हा 'जोयड्यात दरडोई खर्च इतका' असे या पाहणीच्या नावाने कोणी सांगू लागला, तर त्याला आधार विचारावा.

खर्च कसा मोजतात

वाचकांना नवल वाटेल, पण राष्ट्रीय पाहणीत कुटुंबाची ऐपत ठरविताना आधार धरतात तो खर्चाचा, उत्पन्नाचा नव्हे. उत्पन्न हंगामाप्रमाणे वरखाली होते, खर्च त्या मानाने स्थिर असतो; आणि माणूस मिळकत लपवतो, पण काल बाजारातून काय आणले ते सहसा सांगतो. म्हणून 'दरमहा दरडोई उपभोग खर्च' हे माप गेली सत्तर वर्षे मुख्य मानले गेले आहे.

आता प्रश्न स्मरणाचा. गेल्या महिन्यात किती किलो मासे आणले, हे कोणाला आठवणार? आणि गेल्या आठवड्यात किती चपला घेतल्या असे विचारले, तर जवळजवळ सगळेच 'एकही नाही' म्हणणार. म्हणून वस्तूप्रमाणे मुदत बदलतात. मासे, मांस, अंडी, भाजी, फळे यांच्यासाठी मागचे ७ दिवस. तांदूळ, डाळ, साखर, जळण यांसाठी ३० दिवस. कपडे, पादत्राणे, शिक्षण, इस्पितळातील खर्च, भांडी व टिकाऊ वस्तू यांसाठी ३६५ दिवस. ही मुदत किती नाजूक बाब आहे, हे १९९९-२००० च्या फेरीत दिसून आले. त्या वेळी अन्नाच्या वस्तूंसाठी ७ दिवस आणि ३० दिवस असे दोन्ही प्रश्न शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली, आणि आधीच्या फेऱ्यांशी तुलना करून गरिबी किती घटली हे ठरविताना विद्वानांत मोठा वाद झाला. प्रश्नांतील एवढ्याशा बदलाने देशातील गरिबांची संख्या कोट्यवधींनी कमीजास्त दिसू शकते.

२०२२-२३ पासून आणखी एक सुधारणा झाली. एकाच बैठकीत सगळे विचारण्याऐवजी पाहणीदार तीन महिन्यांत तीनदा घरी येतो. एका भेटीत अन्न, एका भेटीत रोजच्या इतर वस्तू व सेवा, एका भेटीत टिकाऊ वस्तू. उत्तर देणाऱ्या गृहिणीला थकवा येत नाही आणि शेवटच्या प्रश्नांना 'लिहा काहीतरी' असे उत्तर मिळण्याचा संभव कमी होतो.

बिनपैशाच्या वस्तूंची किंमत

आमच्या तालुक्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आता येतो. प्रत्येक वस्तू कोठून आली, हेही पाहणीदार विचारतो. विकत आणली, घरच्या शेतात पिकली, भेट म्हणून मिळाली, की रानातून फुकट गोळा केली? घरी पिकलेल्या वस्तूची किंमत शेतावरच्या भावाने धरतात. भेट मिळालेल्या किंवा गोळा केलेल्या वस्तूची गावातील किरकोळ भावाने. एक उदाहरण मांडून पाहू. यातील आकडे केवळ समजावून देण्यासाठी आम्ही धरलेले आहेत.

समजा, कुंभारवाड्याच्या बाजूच्या एका वाडीत सहा माणसांचे कुटुंब आहे. तेल, मीठ, चहा, साखर, सुके मासे, साबण, बसभाडे, मोबाइल आणि किरकोळ औषधे यांवर महिन्याला रोख ७,२०० रुपये जातात. वर्षभराचे कपडे, वह्यापुस्तके आणि इस्पितळ मिळून १८,००० रुपये. म्हणजे महिन्याला सुमारे १,५०० रुपये. रोखीचा खर्च झाला ८,७०० रुपये. सहा माणसांनी भागले की दरडोई १,४५० रुपये.

आता घरचे पाहू. घरचा तांदूळ ४० किलो, शेतावरच्या ३० रुपये भावाने १,२०० रुपये. परसातील सुरण, कोनफळ आदी कंद १५ किलो, तेही ३० रुपये भावाने ४५० रुपये. म्हशीचे दूध ३० लिटर, ३५ रुपयांनी १,०५० रुपये. रानातील जळण १५० किलो, ४ रुपयांनी ६०० रुपये. ओढ्यातले मासे, कुर्ल्या, पावसाळ्यातील अळंबी मिळून ३०० रुपये. एकूण ३,६०० रुपये. हे मिळविले की कुटुंबाचा खर्च १२,३०० रुपये आणि दरडोई २,०५० रुपये होतो. म्हणजे या घराच्या जीवनाचा जवळजवळ तीन दशांश भाग पैशाला न शिवता चालतो. घरधन्याने 'घरचे आहे, त्याचे काय सांगायचे?' म्हणून तो सांगितला नाही, तर कागदावरचे घर खऱ्या घरापेक्षा वेगळे निघते.

रेशनवर मोफत मिळणाऱ्या तांदळाचे वजन पाहणीत लिहून घेतात. त्याची किंमत धरून व न धरता असे दोन आकडे आता प्रसिद्ध होतात. किंमत न धरता २०२२-२३ मध्ये देशातील ग्रामीण भागाचा दरमहा दरडोई खर्च ३,७७३ रुपये आणि शहरी भागाचा ६,४५९ रुपये होता. २०२३-२४ मध्ये तो अनुक्रमे ४,१२२ आणि ६,९९६ रुपये झाला. स्वतःच्या मालकीच्या घराचे भाडे मात्र यांत धरलेले नसते. आणखी एक आकडा मननीय आहे. १९९९-२००० मध्ये खेड्यातील माणसाच्या शंभर रुपयांच्या खर्चापैकी ५९ रुपयांहून थोडे अधिक अन्नावर जात. २०२२-२३ मध्ये ते ४६ रुपयांच्या जवळ आले. बाकीचे रुपये प्रवास, औषधे, शिक्षण आणि मोबाइल यांकडे वळले. आपल्या घरातील जुनी हिशेबाची वही कोणी जपून ठेवली असेल, तर त्याने हे प्रमाण स्वतः काढून पाहावे.

उत्पन्नाचा प्रश्न

उत्पन्न मोजण्याचे प्रयत्न पूर्वी झाले; १९८३-८४ साली त्यासाठी प्रायोगिक पाहणीही झाली. परंतु लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीपेक्षा कमी भरू लागले, आणि देशव्यापी पाहणीचा बेत मागे पडला. शेतकरी कुटुंबांपुरते मात्र उत्पन्न मोजले गेले आहे. २०१८-१९ च्या पाहणीप्रमाणे देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरीचे ४,०६३, पिकांचे ३,७९८, जनावरांचे १,५८२, शेतीबाह्य धंद्याचे ६४१ आणि जमीन खंडाने देण्याचे १३४ रुपये. शेतकरी म्हणविणाऱ्या कुटुंबाला पिकापेक्षा मजुरीतून अधिक मिळते, ही गोष्ट या एका ओळीतून देशाला कळली. जोयड्यातील वाचकाला तिचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

सर्व कुटुंबांच्या उत्पन्नाची राष्ट्रीय पाहणी २०२६ साली घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. तिच्या आधी ऑगस्ट २०२५ मध्ये प्रश्नावलीची चाचणी झाली, तेव्हा शंभरांतील पंच्याण्णव लोकांना हे प्रश्न नाजूक वाटले. त्यात नवल नाही. मिळकतीचा प्रश्न आला की करवसुली आणि रेशनकार्ड या दोन गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. येथे एवढेच सांगणे अवश्य आहे की, सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ या कायद्याने अशी माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. पाहणीतील उत्तरांवरून कोणाचे कार्ड दिले वा काढले जात नाही. कार्डाची चौकशी वेगळी, पाहणी वेगळी.

काम कोणाला म्हणावे

तिसरा विषय रोजगाराचा. आणि तो वरवर वाटतो तितका सरळ नाही. कारखान्यात माणूस एकतर कामावर असतो, नाहीतर नसतो. शेतीत तसे नसते. प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या समितीने १९७० साली हीच अडचण मांडली, आणि तिच्या शिफारशींवरून १९७२-७३ च्या फेरीपासून एकाच माणसाला तीन पट्ट्यांनी मोजू लागले. पहिली पट्टी वर्षाची. मागच्या ३६५ दिवसांत बहुतेक काळ तो काय करीत होता? त्याशिवाय ३० दिवस वा अधिक दुसरे काही काम केले असेल, तर तेही जोडकाम म्हणून धरतात. दुसरी पट्टी आठवड्याची. मागच्या ७ दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केले असेल, तर तो कामावर धरला जातो. तिसरी पट्टी दिवसाची; तीत आठवड्याचे चौदा अर्धे दिवस करून प्रत्येक अर्ध्या दिवसाचा हिशेब घेत.

म्हणून सुपारीच्या हंगामात पाहणीदार आला, तर आपला माणूस कामावर. आणि भर आषाढात आला, तर तोच माणूस आठवड्याच्या पट्टीने कदाचित बेकार. दोन्ही उत्तरे खरी. वर्तमानपत्रात बेकारीचा आकडा वाचताना तो कोणत्या पट्टीचा आहे, हे आधी पाहावे. २०१७ च्या एप्रिलपासून ही मोजणी पाच वर्षांनी करण्याऐवजी सतत चालते. २०२५ पासून तिचे आकडे दर महिन्याला निघू लागले.

आता स्त्रियांच्या कामाविषयी. घरच्या शेतात राबणारी, परसात कंद लावून ते खणून काढणारी स्त्री पाहणीच्या व्याख्येप्रमाणे कामकरी आहे, मग त्या कंदांतील एकही बाजारात जावो वा न जावो. परंतु तीच स्त्री रानात जाऊन घरच्या चुलीसाठी जळण, भाजी, कंद आणि जनावरांसाठी चारा गोळा करून आणते, तेव्हा तिची नोंद ९३ या संकेतांकाखाली होते. आणि ९३ म्हणजे घरकामाबरोबर फुकट वस्तू गोळा करणारी, श्रमबलाच्या बाहेरची व्यक्ती. जळणाची किंमत घराच्या खर्चात आली. ती मोळी डोक्यावरून आणणारी मात्र 'काम न करणाऱ्यां'त गेली. तीच मोळी तिने विकली असती, तर ती कामकरी ठरली असती.

म्हणूनच पंधरा वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांपैकी श्रमबलात असणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के झाले, हा आकडा सावधपणे वाचावा लागतो. यातील मोठा भाग घरच्या शेतीत व घरच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांचा आहे. कामाची खरी लांबी दाखविणारी वेगळी पाहणी, म्हणजे वेळेच्या वापराची पाहणी, देशात प्रथम २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली झाली. तीत माणसाचा चोवीस तासांचा दिवस तुकड्यातुकड्याने लिहून घेतात. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्यांत २०२४ मध्ये स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आणि पुरुषाचा ८८ मिनिटे निघाला. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते.

या आकड्यांचे पुढे काय होते

विनायक महादेव दांडेकर आणि नीलकंठ रथ या गोखले संस्थेतील दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली नमुना पाहणीच्या खर्चाच्या आकड्यांवरून भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाला किमान २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च किती घरांना परवडतो, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हापासून दारिद्र्यरेषेची चर्चा या पाहणीला सोडून झालेली नाही. महागाईच्या निर्देशांकात तांदळाला किती वजन आणि बसभाड्याला किती, हेही घरखर्चाच्या पाहणीवरूनच ठरते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कोणत्या राज्यातील किती लोकांना स्वस्त धान्य द्यावयाचे, हा वाटा २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून काढला गेला. नंतरच्या २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध केले नाहीत, त्यामुळे अकरा वर्षांच्या जुन्या आकड्यांवर देशाला काम चालवावे लागले. पाहणी चुकली वा अडली, तर त्याची झळ रेशनच्या रांगेपर्यंत पोहोचते ती अशी.

आपल्या तालुक्यात या विद्येचा आणखी एक उपयोग आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास केंद्राच्या योजनेनुसार मिळणारी रक्कम पूर्वी १० लाख रुपये होती. २०२१ पासून ती १५ लाख रुपये झाली. जावे की राहावे, हा प्रत्येक कुटुंबाचा स्वतःचा निर्णय आहे. शाळा, इस्पितळ, रस्ता यांचा विचार त्यात आलाच. परंतु निर्णयापूर्वी वरच्या उदाहरणाप्रमाणे आपल्या घराचा हिशेब कागदावर मांडावा, अशी आमची विनंती आहे. त्या उदाहरणातील घराचे बिनपैशाचे ३,६०० रुपये वर्षाला ४३,२०० रुपये होतात. नव्या जागी तांदूळ, दूध, जळण आणि भाजी यांतले काय घरचे राहील आणि काय विकत घ्यावे लागेल? जमीन आणि घर घेऊन झाल्यावर त्या रकमेतले किती शिल्लक उरेल आणि तिचे व्याज हा खर्च भागवील का? उत्तर घराघराचे निराळे येईल. पण जे कधी मोजलेच नाही, ते गेले तर त्याचे नुकसानही कोणी मोजीत नाही.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, पाहणीदार दाराशी आला तर त्याचे ओळखपत्र पाहावे, त्याला बसवावे आणि शक्यतो घरची बाई उत्तरे द्यायला समोर असावी. घरात किती तांदूळ शिजतो हे तिला जसे ठाऊक असते, तसे कोणालाच नसते. घरचा तांदूळ, परसातील कंद, गोठ्यातील दूध, रानातील जळण, ओढ्यातील मासे हे विसरू नये. फुगवूनही सांगू नये आणि आखडूनही सांगू नये.

दुसरी गोष्ट आपल्या न्यासाची. साहाय्याच्या अर्जात उत्पन्नाचा एकच रकाना ठेवण्याऐवजी चार लहान प्रश्न घालावेत, असे आम्ही विश्वस्त मंडळाला सुचवितो. महिन्याचा रोख खर्च किती? घरचे धान्य व दूध किती महिने पुरते? घरातील कोण कोण मजुरीला जातात आणि वर्षातून किती दिवस? शाळेखेरीज मुलांना कोणते काम करावे लागते? या चार उत्तरांवरून खरी गरज कोणाची, हे त्या एका आकड्याहून अधिक स्पष्ट दिसेल. मिळालेल्या उत्तरांचा मेळ विद्यार्थ्यांनीच दर वर्षी घालून वार्षिक सभेत वाचून दाखवावा. नावे मात्र कोणाचीही घेऊ नयेत. राष्ट्रीय पाहणी ज्या तालुक्याचा वेगळा आकडा देऊ शकत नाही, त्या तालुक्यातील काही घरांची तरी खरी नोंद त्यामुळे आपल्यापाशी साठत जाईल. दहा वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्या, म्हणजे शिष्यवृत्तीची रक्कम किती ठेवावी आणि ती कोणत्या महिन्यात द्यावी, हे ठरविताना विश्वस्तांना अंदाजावर विसंबावे लागणार नाही.